खाऱ्या हवेत टिकणारं घरगुती गेमिंग स्टिअरिंग

देवगड-मालवणकडे घरी बनवलेलं स्टिअरिंग बिघडतं ते बहुतेक वेळा पॉटमुळे, म्हणजे चाक किती फिरलं ते सांगणाऱ्या पोटेन्शिओमीटरमुळे. जवळपास प्रत्येक कृतीत १० किलो-ओहमचा पोटेन्शिओमीटर सुचवलेला असतो: स्वस्त, तीन वायरी, काम झालं. पण त्याच्या आत कार्बनच्या पट्टीवर धातूची पाती घासत असते. खारी दमट हवा आत शिरली की पाती काळवंडते आणि सरळ रस्त्यावरही गाडी थरथरायला लागते. काँटॅक्ट क्लीनर मारला की थोडे दिवस बरं, मग पुन्हा तेच.

त्यापेक्षा एएस५६०० हे चुंबकीय सेन्सर मॉड्यूल लावा. शाफ्टच्या टोकाला चुंबक, समोर चिप, मध्ये नुसती हवा. चुंबक मात्र व्यासाच्या दिशेने चुंबकित केलेलाच हवा, म्हणजे चकतीचा अर्धा भाग उत्तर ध्रुव, अर्धा दक्षिण. साधी चकती लावली तर स्टिअरिंग कितीही फिरवा, आकडा धड बदलत नाही. अंतर १ ते २ मिमी ठेवा. लोखंडी शाफ्टवर चुंबक थेट चिकटवू नका, मध्ये १० मिमीचा नायलॉनचा तुकडा घाला. नाहीतर चुंबकीय क्षेत्र लोखंडच ओढून घेतं.

सेन्सरचं वाचन संगणकाला पाठवायला आर्डुइनो जातीचा छोटा प्रोग्रॅमेबल बोर्ड लागतो: प्रो मायक्रो किंवा लिओनार्डो. त्यांची चिप संगणकाला स्वतःची ओळख यूएसबी जॉयस्टिक म्हणून देऊ शकते. आर्डुइनो ऊनोवर हे सरळपणे होत नाही. सेन्सरच्या पिनांपैकी एसडीए बोर्डच्या पिन २ ला, एससीएल ३ ला आणि डीआयआर (फिरण्याची दिशा ठरवणारी) न विसरता ग्राउंडला. एका फेरीत ४०९६ पायऱ्या मिळतात, म्हणजे २७० अंशांत ३०७२. स्टिअरिंग सरळ असताना वाचन २०४८ च्या आसपास येईल असा चुंबक फिरवून मगच चिकटवा. तसं केलं नाही तर ४०९५ वरून ० वरची उडी ऐन वळणात येते आणि गाडी थेट भिंतीत. सोल्डरचे डाग लावून झाले की उरलेला चिकट फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि यूएसबीचं तोंड सोडून बाकी बोर्डला दमट हवा अडवणारं कोटिंग मारा.

लाकूड-लोखंडासाठी बंदराजवळचं बोटसामानाचं दुकान गाठा. आयएस ७१० चा (मरीन प्लायचं मानक) १८ मिमी प्लाय आणि ३०४ स्टेनलेसचे नटबोल्ट घ्या. पांढरे झिंकचे स्क्रू इथे लवकर तांबडे होतात. प्लायच्या दोन उभ्या तुकड्यांना ४० मिमीचं भोक, दोघांत १५ सेंमी अंतर, आणि त्यात ६२०३ बेअरिंगची जोडी. दुकानात टू-आरएस, म्हणजे दोन्हीकडे रबराचं झाकण असलेलं बेअरिंग मागा. झेडझेडचं पत्र्याचं झाकण दमट हवा अडवत नाही, रबराचं बरंच अडवतं. शाफ्ट १७ मिमीचा, लेथवर काढून घ्या. कापलेल्या कडांना इपॉक्सीचे दोन हात द्या. चाक भंगारातल्या कुठल्याही जुन्या गाडीचं चालतं.

मध्यावर परत येण्यासाठी पुष्कळ जण शाफ्टला आडवी दांडी लावून तिला रबर बांधतात. ९० अंशांच्या पुढे दांडीचा जोर कमी होतो, म्हणजे जिथे जास्त हवा तिथेच. शाफ्टवर ८ सेंमी व्यासाची प्लायची चकती बसवा, तिला दोन दोऱ्या उलटसुलट गुंडाळा आणि दोऱ्यांच्या टोकांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या जोडा. १३५ अंशांत दोरी साधारण साडेनऊ सेंमी सरकते, म्हणून पट्ट्या आधीच १० सेंमी ताणून ठेवा. कमी ताणल्या तर सैल बाजूची दोरी चकतीवरून उतरते. दोन्हीकडे १३५ अंशांवर रबर लावलेला ठोकळा हवाच.

ही रचना 'आउट रन' (१९८६) सारख्या जुन्या आर्केड गेमसाठी. 'पोल पोझिशन' (१९८२) आणि 'सुपर स्प्रिंट' (१९८६) यांचं स्टिअरिंग गरगर कितीही फिरतं, म्हणून ठोकळे आणि दोऱ्या काढाव्या लागतात. त्यासाठी वेगळा एन्कोडर (फेऱ्या मोजणारा सेन्सर) घ्यायची मात्र गरज नाही. आधीच्या आणि आताच्या वाचनातला फरक माउसच्या एक्स अक्षावर पाठवा. फरक २०४८ पेक्षा जास्त आला तर ४०९६ वजा करा, उणे २०४८ पेक्षा कमी आला तर ४०९६ मिळवा.

शेवटी मेम एम्युलेटरमध्ये (जुने आर्केड गेम संगणकावर चालवणारा प्रोग्राम) जॉयस्टिकचा डेडझोन ० करा आणि त्या गेमच्या अ‍ॅनालॉग कंट्रोल्समध्ये ऑटोसेंटरिंगचा, म्हणजे आपोआप मध्यावर येण्याचा, वेगही ०. डेडझोन राहिला तर मधल्या काही अंशांत चाक हललं तरी गाडी हलत नाही, आणि माणूस उगाच सेन्सर उघडून बसतो.