नोकरी सोडताना काय परत दिलं, काय जवळ ठेवलं

चाकणच्या एका कारखान्यात डिझाइन विभागात मी सात वर्षं आठ महिने काढले. २०२३ मध्ये राजीनामा दिला तेव्हा माझ्या नावावर लॅपटॉप, कंपनीचं सिम, ओळखपत्र, स्टोअरमधून घेतलेला डिजिटल व्हर्निअर (सूक्ष्म मापं घ्यायचं साधन) आणि कपाटभर ड्रॉइंग होती. मी लगेच यादी करायला घेतली.

आधी सिमचं मार्गी लावलं. बँक, आधार, पीएफ सगळं त्याच नंबरला जोडलेलं. सिम परत गेलं की ओटीपी येणार कुठे? शेजारच्या टेबलावरचा सहकारी आधीच्या नोकरीनंतर यातच अडकला होता. आधार केंद्रात जाऊन स्वतःचा नंबर टाकून घेतला, मग बाकीच्या ठिकाणी बदलला.

ड्रॉइंगबद्दल बऱ्याच जणांनी सुचवलं, "मॅडम, पेन ड्राइव्हवर घेऊन जा, कोण बघतंय?" मला ते अजिबात पटलं नाही. फिक्श्चरचं, म्हणजे काम करताना भाग पकडून ठेवणाऱ्या साधनाचं, ड्रॉइंग मी काढलं असलं तरी त्यात ग्राहकाची मापं आहेत, आणि नेमणूक पत्रातल्या गोपनीयतेच्या अटीखाली माझी सही आहे. पगारपत्रकं, पगारवाढीची पत्रं आणि जुने फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचे दाखले) मात्र माझेच. पोर्टलचं लॉगिन शेवटच्या दिवशी बंद होतं, म्हणून ते आधीच उतरवून घेतले. त्या वर्षीचा फॉर्म १६ नंतर येणार, त्यासाठी अकाउंट्सला घरचा ईमेल दिला.

नो ड्यूजचा, म्हणजे कंपनीचं काही देणं उरलं नाही असा, कागद घेऊन स्टोअरमध्ये गेले. स्टोअरकीपर काकांनी डबी उघडली, जबडे मिटवून शून्य येतंय का पाहिलं, कॅलिब्रेशनच्या (अचूकता तपासणीच्या) स्टिकरवरचा नंबर रजिस्टरशी ताडला. तो नंबर माझ्या प्रतीवर लिहून खाली सही द्या, असा मी आग्रह धरला. ते जरा कुरकुरले, पण दिली. फुल अँड फायनलच्या, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या, हिशोबात नेमके व्हर्निअरचेच पैसे कापलेले निघाले! सहीच्या प्रतीचा फोटो पाठवला आणि कपात रद्द झाली.

ग्रॅच्युइटीचं, म्हणजे नोकरीच्या वर्षांनुसार सोडताना मिळणाऱ्या रकमेचं, गणितही स्वतः मांडलं होतं: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे माझी आठ. हिशोबात सातच लावली होती, ती दुरुस्त करून घेतली.

रिलिव्हिंग लेटर (नोकरीतून मुक्त केल्याचं पत्र) हातात आल्यावर त्यातली तारीख आणि पीएफच्या पोर्टलवरची नोकरी सोडल्याची तारीख जुळवून पाहिली. दोन्ही एकच होत्या. मग पीएफ न काढता नव्या कंपनीच्या खात्यात वळवायला टाकला.