नऊ दशांश सेकंद

सप्टेंबर संपत आला होता आणि त्या रात्री केंद्रात मी एकटीच पाळीवर होते. कोयना-वारणा परिसरातील भूकंपांची नोंद घेण्याचे काम मी काही वर्षे केले आहे, आणि पावसाळ्यानंतर तलाव भरलेले असताना, तसेच पुढे पाणी उतरू लागल्यावर, येथील हालचाल वाढते हे आमच्यापैकी प्रत्येकाला ठाऊक असते. त्यामुळे त्या दिवसांत रात्रपाळीला कोणी गाफील राहत नाही. पहाटे तीन वाजून बारा मिनिटांनी पडद्यावरील सगळ्या रेषा जवळजवळ एकाच वेळी उसळल्या, आणि दोनएक सेकंदांनी टेबलावरील पाण्याचा पेला थरथरला. लोकांना धक्का जाणवला असणार, हे तेव्हाच कळले.

अशा वेळी पहिली मांडणी संगणक करतो. जमिनीतून आधी पोहोचणारे पी तरंग आणि त्यांच्यामागून येणारे एस तरंग परिसरात बसवलेल्या कोणत्या नोंदणी केंद्रावर कोणत्या क्षणी आले, हे तो टिपतो आणि त्या वेळा जुळवून भूकंपाची जागा व खोली काढतो. त्या पहाटे मिनिटाभरात त्याने उत्तर दिले: रिश्टर मापावर 4.1, केंद्रबिंदू धरणापासून चार किलोमीटरवर, खोली चौदा किलोमीटर. मी पाच जवळच्या केंद्रांच्या नोंदी वरवर तपासल्या, तरंगांच्या आगमनाच्या खुणा योग्य ठिकाणी आहेत असे पाहिले आणि प्राथमिक माहिती पुढे पाठवली.

कोयनेच्या संदर्भात ‘धरणापासून चार किलोमीटर’ या शब्दांचे वजन किती, हे बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवे. 1962 च्या सुमारास कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागले आणि त्यानंतर या भागात हादरे जाणवू लागले. 1967 च्या डिसेंबरात 6.3 चा भूकंप झाला, त्यात सुमारे 200 माणसे गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि धरणाच्या काँक्रीटमध्ये तडे गेले. धरणातील उपकरणावर गुरुत्वीय त्वरणाच्या 0.63 पट एवढा हादरा नोंदला गेला होता. जलाशयाशी निगडित भूकंपांपैकी जगातील सर्वांत मोठा म्हणून आजही त्याचाच उल्लेख होतो. त्यानंतरच्या काळात 5 आणि त्यावरचे वीसहून अधिक, 4 च्या वरचे सुमारे 200 आणि 3 च्या वरचे हजारो धक्के याच सुमारे तीस किलोमीटर लांब व वीस किलोमीटर रुंद पट्ट्यात झाले. 1985 मध्ये वारणेचे पाणी अडल्यानंतर हालचाल दक्षिणेकडेही पसरली. त्यामुळे 4 च्या आसपासचा धक्का नेमका कुठे झाला, यावर पुष्कळ अवलंबून असते. धरणाच्या पायाजवळ झाला असेल, तर त्याच रात्री माणसे धरणाच्या पोटातील गॅलरीत उतरून झिरपण मोजतात, सांधे पाहतात; वारणेच्या खोऱ्यात झाला असेल, तर आधी तिकडच्या वाड्यांची विचारपूस करायची असते.

धरणावरून दहा मिनिटांत फोन आला. माणसे गॅलरीत उतरत असल्याचे त्यांनी सांगितले. त्यानंतर आलेल्या फोनांनी मात्र मला अस्वस्थ केले. कोयनानगरमधील एका गृहस्थांनी पलंग हलकेच झुलल्यासारखे वाटले असे सांगितले. पाटणकडून असेच वर्णन आले. दक्षिणेकडील एका वाडीतून बोलणाऱ्या तरुणाचा स्वर मात्र वेगळा होता. “मॅडम, खालून कुणीतरी घर उचलून आपटल्यासारखं झालं. आवाज केवढा झाला! कौलं खाली आली आहेत,” असे तो म्हणाला. झुलणे दूरवर जाणवते. खालून बसणारा ठोसा आणि त्याबरोबरचा गडगडाट बहुतेक वेळा केंद्रबिंदूच्या माथ्यावरच्या लोकांच्या वाट्याला येतो. माझ्या नकाशावर ती वाडी केंद्रबिंदूपासून बारा-तेरा किलोमीटर दूर होती.

तेव्हा मला चौदा किलोमीटर खोली खटकली. खरे तर ती पहिल्याच क्षणी खटकायला हवी होती. या भागातील बहुतेक भूकंप दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या थरांखाली, ग्रॅनाइटच्या जुन्या खडकात, वरच्या दहा किलोमीटरच्या आत होतात. त्याहून खोल उत्तर आले की आधी उत्तराबद्दल शंका घ्यावी, असे आमच्या सरांनी पहिल्याच वर्षी शिकवले होते. मी ती शंका घेतली नव्हती, कारण गणिताची चूक फार दिसत नव्हती. पण त्यालाही कारण होते. सर्वांत जवळच्या केंद्राला गणितात सर्वांत जास्त वजन असते. त्याचीच वेळ चुकीची असेल, तर सगळे उत्तर त्या केंद्राची समजूत काढण्यासाठी सरकते आणि चूक थोडी थोडी करून इतर केंद्रांवर वाटली जाते.

दक्षिणेकडील ते जवळचे केंद्र मी वेगळे उघडले. तिथे पी आणि एस तरंगांतील अंतर 1.2 सेकंद होते. आमच्याकडील खडकात या फरकाला साधारण आठाने गुणले की नाभीपर्यंतचे, म्हणजे जमिनीखाली भूकंप जिथे झाला त्या जागेपर्यंतचे, किलोमीटर मिळतात, म्हणजे भूकंप तेथून सुमारे साडेनऊ किलोमीटरवर झाला होता. संगणकाच्या उत्तरानुसार मात्र हे अंतर पंधरा किलोमीटर होते. हा फरक हातात आला तेव्हा उलगडा झाला. एखाद्या केंद्राचे घड्याळ मागे-पुढे असेल, तर पी आणि एस दोन्हींच्या वेळा सारख्याच चुकतात आणि त्यांच्यातील फरक मात्र खरा राहतो. जपानी शास्त्रज्ञ वादाती यांच्या नावाने ओळखला जाणारा साधा आलेख याच गोष्टीवर उभा आहे: एका अक्षावर पी तरंगाची वेळ, दुसऱ्यावर पी-एस फरक, आणि सगळी केंद्रे एका सरळ रेषेवर यायला हवीत. मी सोळा केंद्रे मांडली. पंधरा रेषेवर आली. सोळावे रेषेपासून 0.9 सेकंद बाजूला पडले होते.

त्या केंद्राच्या पी आणि एस वेळा बाजूला ठेवून केवळ त्यांच्यातील फरक वापरला, तेव्हा केंद्रबिंदू सुमारे नऊ किलोमीटर दक्षिणेला, वारणेच्या खोऱ्यात गेला आणि खोली सहा किलोमीटर आली. सर्व केंद्रांची सरासरी घेतल्यावर रिश्टर मापाचा आकडाही 3.9 झाला. सुधारित माहिती पाठवली तेव्हा पहिल्या माहितीला सत्तेचाळीस मिनिटे झाली होती. धरणावरही कळवले, तेथील माणसे काही बिघाड नसल्याची खात्री करून वर आली होती.

त्या सत्तेचाळीस मिनिटांत पहिला आकडा मोबाइलवरून सगळीकडे पोहोचला होता. सकाळी सहापासून जे फोन आले, त्यांतील बहुतेकांचा प्रश्न एकच होता: आकडा कमी का केला? धरणाजवळ झालेला भूकंप दूर का दाखवला? एका गृहस्थांनी तर, “तुम्हाला वरून सांगण्यात आलं असेल, आम्हाला कळतं ते,” असे शांतपणे सांगितले. मला राग आला नाही. 1967 ची पहाट ज्या घरांनी पाहिली, त्या घरांत अशी शंका येणे स्वाभाविक आहे. आकडा वाढवून सांगितला असता, तर कोणी कारण विचारले नसते. कमी केला की लपवल्यासारखा वाटतो. मी प्रत्येकाला घड्याळाची गोष्ट सांगितली. काहींना पटली, काहींना पटली नाही.

दहाच्या सुमारास तंत्रज्ञ दादांबरोबर मी त्या केंद्रावर गेले. वाटेत ती वाडी लागली. अंगणात पडलेली कौले एक आजी वेचत होत्या. “अकरा डिसेंबरच्या पहाटे मी लहान होते, पण आवाज असाच होता, बाई,” असे त्या म्हणाल्या. (भूकंपांच्या जागतिक सूचींत त्या घटनेची तारीख 10 डिसेंबर असते, कारण तिथे वेळ जागतिक प्रमाणवेळेत, रात्री 22 वाजून 51 मिनिटे, अशी लिहिलेली असते; आपल्याकडे तेव्हा पहाटेचे 4 वाजून 21 मिनिटे झाली होती. आजींची तारीखच इथली खरी.) आता पुन्हा मोठा येईल का, हेही त्यांनी विचारले. लहान धक्के काही दिवस येत राहतील आणि हळूहळू विरळ होतील, मोठा कधी येईल हे मात्र आज कोणीच सांगू शकत नाही, आणि घराची ती मागची भिंत पावसाने फुगली आहे तेवढी आधी बांधून घ्या, एवढेच मी सांगू शकले. त्यांनी मान डोलावली आणि भिंतीकडे पाहिले.

केंद्राच्या छतावर उपग्रहाकडून वेळ घेणारा अँटेना धड होता, पण खाली येणारी त्याची वायर उंदराने कुरतडली होती. घड्याळ उपग्रहाशी तुटून आपल्या आपण चालत राहिले होते आणि दिवसाला थोडे थोडे सरकत गेले होते. नोंदी मागे तपासल्या तेव्हा बारा दिवसांपूर्वी वेळेचा दुवा तुटल्याची खूण स्पष्ट होती. त्या बारा दिवसांत माझ्या चार पाळ्या झाल्या होत्या. ती खूण रोज सकाळच्या तपासणीत पाहायची असते, आणि मी ती पाहिली नव्हती. दैनंदिनीत मी हे माझ्या सहीने लिहिले. त्या दिवसापासून पहिली माहिती पाठवताना मी जागेबरोबर ‘चार-पाच किलोमीटर इकडेतिकडे’ आणि ‘तासाभरात बदलू शकेल’ असे शब्द घालू लागले. यावर आमच्या कार्यालयात मतभेद झाले. लोक अशाने गोंधळतात, असे काहींचे म्हणणे होते. माझे मत वेगळे आहे: न सांगता बदललेल्या आकड्याने लोक जास्त गोंधळतात, आणि शिवाय दुरावतात.

दादांनी वायर बदलली, तिच्यावर लोखंडी नळी चढवली, आणि काही मिनिटांत घड्याळ पुन्हा उपग्रहाशी जुळले. पुढचे तीन दिवस मी त्या बारा दिवसांतील प्रत्येक लहान धक्का पुन्हा मांडला. एकूण एकतीस होते, बहुतेक 2 च्या खालचे, कोणालाही न जाणवलेले. सुरुवातीचे जवळजवळ जागचे हलले नाहीत, कारण तेव्हा घड्याळ फार सरकलेले नव्हते. नंतरचे मात्र एकेक करून दक्षिणेला गेले आणि वर आले, आणि आधी नकाशावर विखुरलेले दिसणारे ठिपके त्या वाडीच्या पश्चिमेला एका अरुंद पट्टीत गोळा झाले.