आमची वाटचाल : जुन्या पबांची कामं

मी मूळ सांगलीचा, सुतारकाम घरातलंच. 2012 साली मी आणि माझ्या मेहुण्याने इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ एक जुनी व्हॅन घेऊन दुरुस्तीची कामं सुरू केली. आज आम्ही सहा जण आहोत आणि निम्म्याहून जास्त कामं पबची असतात. या भागात पंजाबी मालकांचे ‘देशी पब’ पुष्कळ. साठच्या दशकात इथल्याच स्मेदिक गावच्या काही पबमध्ये आपल्या लोकांना गोऱ्यांच्या खोलीत बसू देत नसत. 1965 च्या वंशभेदविरोधी कायद्याने ते बेकायदा ठरलं. पुढे असे कितीतरी पब आपल्याच लोकांनी चालवायला घेतले, त्यामुळे या कामांत माझा जीव अडकलेला आहे.

पहिल्याच मोठ्या कामात आम्ही चुकलो. मालकाला तंदूर हवा होता. मागच्या भिंतीवरून धुराचा स्टीलचा पाइप आम्ही छपरापर्यंत चढवला. स्वयंपाकघर आतलं, मग प्लॅनिंग परमिशन (कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, बांधकाम परवानगी) कशाला, असं वाटलं. पण पाइप बाहेरून दिसतो, इमारतीचं रूप बदलतं, आणि वास नि पंख्याची घरघर थेट शेजारच्या बेडरूममध्ये. महिन्याभरात कौन्सिलचं पत्र आलं. पाइप उतरवला. आवाजाचा आणि वासाचा अहवाल जोडून रीतसर अर्ज केला. मंजुरी आल्यावर कार्बन फिल्टर, सायलेन्सर आणि पंख्याखाली रबरी पॅड घालून तो पुन्हा चढवला. खर्च आम्ही सोसला. मालकाने आमच्या शब्दावर काम दिलं होतं.

आता पब बघायला गेलो की पहिला प्रश्न : इमारत लिस्टेड, म्हणजे जपायच्या वारसा इमारतींच्या सरकारी यादीत, आहे का? असली तर 1990 च्या कायद्याने आतलं कामही संरक्षित असतं. त्या इमारतीचं वैशिष्ट्य बदलेल असं काही विनापरवाना केलं तर फौजदारी गुन्हा, आणि तो काम करणाऱ्यावरही लागतो. अशाच एका लिस्टेड पबमध्ये मालक पाजी (पंजाबीत थोरला भाऊ) दोन खोल्यांमधलं पार्टिशन काढा म्हणत होते. कोपऱ्यात टॉर्च धरला, तर रंगाचा पोपडा सुटलेल्या जागी तांबूस महोगनी चमकली. पाजींनी बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “रहने दो.”

बार काउंटर सरकवायचा असेल तर 2003 च्या कायद्याखालच्या दारूविक्रीच्या लायसन्सचा नकाशाही बदलून घ्यावा लागतो. हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

लंडनच्या मेडा व्हेल भागातला कार्लटन टॅव्हर्न हा पब 2015 मध्ये विनापरवाना पाडला गेला. कौन्सिलने तो होता तसा पुन्हा बांधायला लावला. 2021 मध्ये उघडला. प्रत्येक नव्या मालकाला मी हे सांगतो.

सध्या वेस्ट ब्रॉमिचच्या एका कामाचा अर्ज कौन्सिलकडे आहे. आठ आठवडे तरी लागतील. तोवर तिथे खिळाही ठोकणार नाही, असं मालकाला लिहून दिलंय.