मुशीची वार

वार, म्हणजे गर्भाला आईकडून अन्न पोहोचवणारा अवयव (प्लॅसेंटा), म्हटली की आपल्याला माणूस आठवतो, फार तर गोठ्यातली गाय-म्हैस. प्रत्यक्षात हा अवयव सस्तन प्राण्यांपुरता मर्यादित नाही. शार्क, हाडांचे मासे, सरडे अशा परस्परांपासून दूर गेलेल्या वंशांमध्ये तो स्वतंत्रपणे आणि पुन्हा पुन्हा घडला आहे.

याचे मला सर्वांत विलक्षण वाटणारे उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर मिळते. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पिढ्यान् पिढ्या विच्छेदनासाठी वापरलेली स्कॉलियोडॉन ही छोटी मुशी, म्हणजे लहान शार्क, कोकणच्या मासळी बाजारात नेहमी दिसते. कोंबडीच्या अंड्यात पिल्लाची सारी शिदोरी बलकात बांधून दिलेली असते. या मुशीचे अंडे मात्र जेमतेम १ मिलिमीटर व्यासाचे असते आणि त्यात बलक जवळजवळ नसतोच. तरीही जन्मणारे पिल्लू १२ ते १५ सेंटिमीटर लांब असते. हे साधते ते बलकाच्या पिशवीमुळे. ती गर्भाशयाच्या भित्तीला जाऊन भिडते आणि तिथे वार तयार होते, तर पिशवीचा देठ लांबत जाऊन नाळ बनतो. या नाळेवर बारीक तंतूंची दाट झालर असते. अन्न साठवण्याच्या जुन्या पिशवीलाच अन्न मिळवण्याचे नवे काम लागले, असे म्हणता येईल.

शार्कची पिल्ले नाळेने आईशी जोडलेली असू शकतात, हे ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच नोंदवले होते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी ते पडताळून पाहीपर्यंत एकोणिसावे शतक उजाडले.

अशा बदलाला कोट्यवधी वर्षे लागतात, हा समजही टिकत नाही. मेक्सिकोतल्या पेसिलिऑप्सिस या लहान माशांच्या गटात वार तीनदा स्वतंत्रपणे विकसित झाली असून, तिला लागलेला काळ साडेसात लाख वर्षे किंवा त्याहूनही कमी असावा, असे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले गेले.

आपल्या वारेच्या बाबतीत तर सामग्री बाहेरूनही आली. तिच्या पेशींना एकमेकींत विलीन करून सलग थर घडवणारे सिन्सिटिन हे प्रथिन मूळचे एका विषाणूचे, म्हणजे यजमान पेशीत शिरण्याचे त्याचे साधन. पूर्वजांच्या जनुकसंचात तो विषाणू कायमचा वस्तीला आला आणि त्याचे हे जनुक कामाला लागले. उंदरातही असेच प्रथिन आहे, पण ते वेगळ्या विषाणूकडून मिळालेले. २०१७ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या माबुया या वार असलेल्या सरड्यातही असे जनुक सापडले, आणि तेसुद्धा त्याने स्वतंत्रपणेच मिळवलेले निघाले.