उन्हाकडची बाजू

परवा दुपारी जेवण करून ओसरीत आडवा झालो होतो. बाजूला भाचा न् भाचीचं बुद्धिबळ. कूलरच्या घरघरीत डोळा लागत आला, तेवढ्यात भाची हरली आणि सोंगट्या गोळा करायच्या आधीच म्हणाली, "आता पांढऱ्या मले." भाचा म्हणे, "जिंकला त्यालेच पांढऱ्या असतात." झोप गेली ती गेलीच.

पोरीचं बरोबर होतं. पहिली खेळी पांढऱ्याची, तेवढ्यावर शंभरात चौपन्न-पंचावन्न गुण पांढऱ्याच्या पदरात पडतात, असा मोठ्या स्पर्धांचा हिशेब आहे. म्हणून तर रंग बदलून पुन्हा खेळवतात. कॉम्प्युटरच्या स्पर्धांमध्ये सुरुवातीच्या खेळ्या बाहेरून ठरवून देतात आणि तीच मांडणी दोघांकडून रंग बदलून दोनदा खेळून घेतात. ज्यांना कुरकुर करताच येत नाही, त्यांची इतकी काळजी!

भाचीनं शेवटी नागपूरची दिव्या देशमुख काढली. 2025 च्या महिला विश्वचषकात, तिकडे जॉर्जियातल्या बाटुमीला, फायनलचे पहिले दोन डाव रंग बदलून झाले, दोन्ही बरोबरीत. मग जलद डाव, तेही रंग बदलूनच. भाचा ऐकत होता. म्हणाला, "पण शेवटी काळ्यानंच जिंकली ना ते? मंग तू काळ्याच घे." पोट्टं वकील होणार.

आमच्या लहानपणी हा तंटा व्हॉलीबॉलवर व्हायचा. गावाबाहेरच्या पडीत रानात दोन बल्ल्या गाडून नेट बांधलेलं. पोट्टे जमायचे दिवस कलताना. उगवतीकडच्या बाजूला उभं राहिलं की समोर सरळ सूर्य. बॉल वर गेला की दिसायचाच नाही, नाकावर आला की कळायचं. म्हणून आधी खापरीवर थुंकून "ओली की सुकी" व्हायचं, आणि हरलेल्यांच्या नशिबी उन्हाकडची बाजू. सेट संपला की बाजू पलटायची, हा नियम सगळ्यांना मान्य. निर्णायक सेटात आठ गुणांवर पुन्हा पलटतात, हेही कोणीतरी तालुक्याहून ऐकून आला होता. पण पहिला सेट आटपेपर्यंत सूर्य तुरीच्या शेतामागं उतरलेला असायचा. आता दोन्हीकडे सारखीच सावली. ज्यांनी डोळे दिपवत अख्खा सेट घालवला, त्यांना बाजू पलटून मिळालं काय? "उद्या तुमी उन्हात राहा" म्हणावं, तर उद्या आभाळ भरून यायचं.

बुद्धिबळाचा पट बरा. तो दोन डावांत बदलत नाही.

आजोबा गेल्यावर बाबा न् मोठेबाबांनी वहितीची वाटणी अशीच केली होती. नाल्याकडचं भारी शेत एक साल एकानं वाहायचं, टेकडीकडचं बरड दुसऱ्यानं, पाडव्याला अदलाबदल. धुऱ्यावरून भावाभावांत डोकी फुटतात, त्यापेक्षा हे बरं, असं गावात सगळे म्हणत. एका साली नाल्याला पूर आला आणि काठाची कपाशी मातीसकट खरडून गेली. ते साल मोठेबाबांच्या पाळीचं. पाडव्याला ते बरडावर गेले, तर पावसानं असा खंड दिला की बरड करपलं. भारी जमिनीनं ओल धरली. बाबांच्या घरी बऱ्यापैकी कापूस आला. दोन वर्षांत दोघांनी दोन्ही बाजू खेळून झाल्या होत्या, कागदावर चोख बरोबरी.

तिसऱ्या पाडव्याला बाबा म्हणाले, "दादा, औंदा तुमाले पायजे ते घ्या." मोठेबाबांनी मानलं नाही. ठरलं म्हणजे ठरलं. तसंही पाळीनं नाल्याकडचंच त्यांच्याकडे येत होतं, तेच त्यांनी घेतलं. पाऊस त्या साली दोघांनाही चांगला झाला. कापसाला भाव नव्हता.