तुम्ही विचारलंत म्हणून: मन्सूऱ्याच्या काझीची गोष्ट

मी मुसलमान आहे आणि कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. त्यामुळे एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. स्टाफरूममध्ये डबा खाताना, एसटीत, परवा तर लग्नाच्या पंगतीत. "सर, तुमच्यात धर्म आणि राज्य वेगळं करताच येत नाही ना?" विचारणारे बहुतेक चांगल्या मनाने विचारतात. मी "तसं काही नाही हो" म्हणून वेळ मारून नेतो आणि घरी आल्यावर ते मला लागून राहतं. नीट उत्तर द्यायला वेळ हवा. तो आज काढतो.

वेगळं करता येत नाही, असं ठासून सांगणारे मुसलमान आहेतच. पण तो एका भांडणातला एक पक्ष झाला. ते भांडण इस्लामच्या आतलं आहे आणि आजच्या रूपात शंभर वर्षांचं आहे. दुसऱ्या पक्षाची गोष्ट आपल्याकडे कुणी सांगत नाही, म्हणून आधी ती.

३ मार्च १९२४ रोजी तुर्कस्तानच्या संसदेने खिलाफत, म्हणजे जगभरच्या मुसलमानांचा प्रमुख मानल्या जाणाऱ्या खलिफाचं पद, रद्द केली. जिच्यासाठी आपल्याकडे अलीबंधू आणि गांधीजींनी देश ढवळून काढला होता, ती तुर्कांनीच मोडीत काढली. शेवटचे खलिफा अब्दुल मजीद यांची देशाबाहेर रवानगी झाली. आता खलिफा कोण? इजिप्तचे राजे फुआद यांची नजर त्या पदावर होती आणि कैरोच्या अल-अझहर या जुन्या धर्मविद्यापीठातले अनेक उलेमा, म्हणजे धर्मपंडित, त्यांना अनुकूल होते. अशा वेळी, १९२५ मध्ये, मन्सूरा शहरातल्या शरियत न्यायालयाचे काझी, म्हणजे न्यायाधीश, अली अब्दुल राझिक यांनी एक छोटं पुस्तक काढलं: 'इस्लाम आणि राज्यकारभाराची मूलतत्त्वं'. माणूस अल-अझहरमध्येच शिकलेला, काझीच्या खुर्चीवर बसलेला. त्याला धर्माबाहेरचा म्हणून झटकून टाकायची सोय नव्हती.

या पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादाची झेरॉक्स माझ्याकडे आहे, पेन्सिलच्या खुणांनी भरलेली. राझिक म्हणतात, पैगंबरांचं काम संदेश पोहोचवण्याचं. त्यांच्या शब्दाला जे वजन होतं ते रसुलाचं, म्हणजे अल्लाहच्या दूताचं होतं, राजाचं नव्हे. ते त्यांच्याबरोबर संपलं, वारशाने कुणाकडे जात नाही. पहिले खलिफा हजरत अबू बक्र यांच्यापासून सुरू झालं ते माणसांनी उभारलेलं राज्य. खिलाफतीला ना कुराणाचा आधार, ना हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचा. ती टिकली तलवारीच्या जोरावर. मुसलमानांनी आपला कारभार अक्कलहुशारीने आणि जगाच्या अनुभवातून शिकून हवा तसा उभारावा, त्याच्या आड धर्म येत नाही. पुराव्यादाखल दिलेल्या आयतींमध्ये सूरा गाशियातल्या दोन आहेत: तू आठवण करून दे, तू फक्त आठवण करून देणारा आहेस, त्यांच्यावर हुकमत चालवणारा नाहीस.

मला त्यांचं सगळं पटतं असं नाही. मदीनेतले करार, लढाया, जकातीची वसुली यांचा निकाल ते फार घाईने लावतात. तिथे माझ्या पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह आहे.

१२ ऑगस्ट १९२५ रोजी अल-अझहरच्या ज्येष्ठ उलेमांच्या मंडळाने त्यांना समोर उभं केलं. सात आरोप होते. शरियत निव्वळ आध्यात्मिक ठरवली, हा एक. अबू बक्र यांचं राज्य धार्मिक नव्हतं असं लिहिलं, हा आणखी एक. चोवीस उलेमांनी एकमताने त्यांचं आलिमपद, म्हणजे धर्मपंडित म्हणून असलेली मान्यता, काढून घेतली, त्यासोबत काझीची नोकरीही गेली. न्यायमंत्री अब्दुल अझीझ फहमी यांनी निकालाची अंमलबजावणी करायला नकार दिला, तर त्यांचंच मंत्रिपद गेलं आणि संयुक्त सरकार फुटलं. आणि फुआद? त्यांना खिलाफत शेवटपर्यंत मिळाली नाही.

राझिकांचं खंडन लिहिणाऱ्यांत माजी मुफ्ती मुहंमद बखीत होते. खंडन करताना तेही लिहून गेले की खलिफाला सत्ता मिळते ती उम्मतकडून, लोकांकडून. म्हणजे विरोधकही राजाला ईश्वराचा प्रतिनिधी मानायला तयार नव्हते. हे वाचलं तेव्हा मी पान खाली ठेवून कितीतरी वेळ तसाच बसलो होतो.

'धर्म म्हणजेच राज्य' हा पक्ष यानंतर संघटना म्हणून उभा राहिला. १९२८ मध्ये इस्माइलियात हसन अल-बन्ना यांची मुस्लिम ब्रदरहुड, १९४१ मध्ये लाहोरात मौलाना मौदूदींची जमाते इस्लामी. मौदूदी जन्मले आपल्या औरंगाबादेत, १९०३ साली, निजामाच्या राज्यात. त्यांच्या विचाराचा कणा म्हणजे सार्वभौमत्व फक्त अल्लाहचं. हे ऐकायला सनातन वाटतं. पण 'सार्वभौमत्व' हा शब्द मी दरवर्षी बोदँ आणि हॉब्ज हे युरोपीय विचारवंत शिकवताना फळ्यावर लिहितो. राज्याबद्दलची ती कल्पना युरोपातल्या यादवीतून वर आली. मौदूदी मोठ्या ताकदीचे लेखक होते, पण त्यांनी जे मांडलं ते विसाव्या शतकातलं होतं. त्यांच्याकडून ते इजिप्तच्या सय्यद कुत्बनी उचललं, अधिक धारदार केलं. नासरच्या सरकारने १९६६ मध्ये कुत्बना फाशी दिलं. राझिकही त्याच वर्षी वारले. १९४५ मध्ये त्यांचे थोरले भाऊ मुस्तफा अल-अझहरचे शेख, म्हणजे प्रमुख, झाले होते, आणि त्यानंतर राझिकांचं आलिमपद त्यांना परत मिळालं होतं.

धर्म आणि राज्य एक केलं की दोघांतलं वर कोण बसतं? इराणचे सर्वोच्च नेते खोमेनी यांनी याचं उत्तर लेखी दिलं. जानेवारी १९८८ मधल्या एका पत्रात त्यांनी म्हटलं की इस्लामी शासन हा पहिल्या दर्जाचा हुकूम आहे, नमाज, रोजा आणि हजपेक्षाही त्याला अग्रक्रम आहे, आणि गरज पडली तर शासन हज काही काळ थांबवू शकतं. मी पाच वेळा नमाज पढणारा माणूस आहे. माझ्या नमाजेच्या वर सरकार बसलेलं मला नको, मग ते सरकार कुणाचंही असो. राझिकांच्या बाजूने मी उभा आहे तो यासाठी, आणि 'तुमच्यात' असं कुणी म्हटलं की मला तुटतं ते यासाठीच. त्या शब्दात मौदूदी मावतात, राझिक मावत नाहीत.

सूरा गाशिया पैगंबर ईदच्या आणि जुम्म्याच्या नमाजेत पढत असत, म्हणून आजही बरेच इमाम ती पढतात. यंदा ईदगाहवर आमच्या इमामसाहेबांनी पढली. सकाळचं ऊन चटईवर आलं होतं, शेजारी माझा नातू. ती आयत येईपर्यंत मी श्वास रोखून वाट पाहत होतो. फ झक्किर, इन्नमा अन्त मुझक्किर. तू आठवण करून दे, तू फक्त आठवण करून देणारा आहेस.