समुद्र कुठे गेला?

मेलबर्नला लेकीकडे निघालो होतो आणि मधे सिंगापूरला नऊ तास होते. विमानतळावर नऊ तास म्हणजे नुसती दुकानं बघून पाय दुखवून घ्यायचे. त्यापेक्षा बसने शहर बघू, असं ह्यांनी जाहीर केलं. अट एकच, समुद्र दिसला पाहिजे. गिरगावात वाढलेला माणूस. कुठल्याही गावी गेला की आधी पाणी कुठे आहे ते विचारतो.

उघड्या टपाची दुमजली बस. वर पहिली रांग मिळाली म्हणून खूश झालो, आणि ती रिकामी का होती ते टेकल्यावर कळलं. नुकतीच सर येऊन गेली होती. ह्यांनी रुमालाने सीट पुसली, रुमाल पिळला, पुन्हा पुसली. तिकिटाबरोबर मिळालेला इअरफोन खोचला तर माझ्या कानात चिनी बाई बोलायला लागली. बटणं दाबत इंग्रजीवर येईपर्यंत दोन थांबे मागे पडले होते.

बीच रोड आला तसे हे सावरून बसले. “आता बघ.” बघितलं. दोन्ही बाजूंना इमारती, मधे सिग्नल. कानातली बाई शांतपणे सांगत होती, की १८८७ मध्ये रॅफल्स हॉटेल सुरू झालं तेव्हा त्याच्या समोर समुद्र होता. मग भराव पडत गेला, किनारा पुढे सरकला, रस्त्याचं नाव तेवढं जागेवर राहिलं.

“त्यात काय,” हे म्हणाले, “धोबी तलावला तरी तलाव कुठाय?”

खरंच की. भराव मुंबईकराला काय सांगायचा? पण सिंगापूरचा हिशेबच वेगळा. १९६५ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा सगळा मिळून जेमतेम ५८० चौरस किलोमीटर होता, आता ७३०च्या वर गेलाय. आधी स्वतःच्या टेकड्या खणल्या, मग शेजाऱ्यांकडून वाळू विकत आणली. इंडोनेशियाने २००७ मध्ये वाळू द्यायचं बंद केलं. वाटीभर साखर मागायला शेजारी रोज यायला लागला की आपणही दार उघडत नाही, तसंच.

चायनाटाउनला उतरून तलोक आयर रस्त्याने चालत गेलो. मलयमध्ये तलोक म्हणजे उपसागर, आयर म्हणजे पाणी. इथे थियान हॉक केंग नावाचं देऊळ आहे, १८४२ सालचं. चीनहून जहाजाने आलेली माणसं उतरली की आधी इथे येऊन माझू देवीला हात जोडायची. वादळातून तारणारी देवी ती. तेव्हा लाटा जवळजवळ दारापर्यंत येत. आता देवीसमोर रस्ता आहे आणि भोवती काचेचे मनोरे. उदबत्त्यांच्या राखेने भरलेल्या भांड्यापाशी एक म्हातारी उभी होती. तिने उदबत्ती खोचली आणि बोटाला लागलेली राख हलकेच पुन्हा भांड्यात झटकली. माझी आई तुळशीपाशी अगदी हेच करायची. हे मात्र उंबरठ्यावर उभे राहून समोर बघत होते. देवीला काय दिसत असेल, याचा अंदाज घेत असावेत.

शेवटी मर्लायनचा पुतळा. तोंड सिंहाचं, शेपूट माशाचं, उंची साडेआठ मीटरच्या वर, आणि तोंडातून अखंड गुळणी. त्यालाही १९७२ मध्ये मांडलेल्या जागेवरून हलवलं, कारण पुढे पूल झाला आणि समोरचं काही दिसेना. २००२ पासून तो इथे आहे. समोर पसरलेलं पाणी पाहून हे एकदम खुलले. “सापडला!” म्हणाले, कठड्याला टेकून उभे राहिले, डोळे मिटून वास घेतला. मग डोळे उघडले.

“खारा वास येत नाही गं.”

येणार कसा? २००८ मध्ये खाडीच्या तोंडाशी बंधारा घातलाय. हे सगळं आता गोड्या पाण्याचं धरण आहे, नळाला येणारं. हे मी फलकावर वाचून मोठ्याने सांगितलं आणि लगेच वाटलं, दहा मिनिटांनी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

परतीच्या टॅक्सीत हे फारसं बोलले नाहीत. विमानतळाचीही बरीच जमीन भरावाचीच आहे, हे मी मुद्दाम सांगितलं नाही. रात्री विमान सुटलं, वळसा घेताना एका बाजूला कललं आणि माझ्या दंडाला कोपर लागलं. खाली काळ्याभोर पाण्यावर नांगर टाकलेल्या बोटींचे दिवे, मोजता न येणारे. हे खिडकीला नाक लावून मोजत होते.

“चौतीस,” ते म्हणाले. “थांब, मधे बोलू नकोस.”